शैलजाताई आणि ओगावा-सानची वही

शैलजाताई पाटणकरांसमोर ‘हे पूर्वापार चालत आलंय’ असं म्हणायची सोय नव्हती. त्या लगेच विचारायच्या, “कुणापासून?” विचारण्यात भांडण नसायचं. फॉर्मवरचा राहिलेला रकाना खिडकीतल्या कारकुनानं विचारावा तसं विचारायच्या आणि उत्तराची वाट पाहत थांबायच्या. बहुतेकांकडे उत्तर नसायचं. कुणी हसून विषय बदलायचं, कुणी चिडायचं. शैलजाताई तशाच थांबलेल्या असायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ओसाकाच्या गणपतीत. माझ्या नवऱ्याची बँकेतर्फे बदली होऊन आम्ही नुकतेच आलो होतो, मी कुणालाच ओळखत नव्हते. मंडळानं वॉर्डाचा हॉल घेतला होता. आरती झाली आणि दोघा-तिघांत एका शब्दावरून वाद निघाला. अर्धे लोक तो शब्द एका तऱ्हेनं म्हणतात, अर्धे दुसऱ्या. दोन्ही बाजूंचं म्हणणं, आमच्या आजीकडून आलंय, म्हणजे आमचंच बरोबर. कोपऱ्यात पन्नाशी उलटलेल्या एक बाई उभ्या होत्या. सुती पंजाबी ड्रेस, पायात मोजे, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. त्यांनी ती पेन्सिल काढली, प्रसादाच्या कागदी बशीच्या मागे रेघा मारल्या आणि एकेकाला विचारत सुटल्या. तुम्ही कुणाकडून शिकलात? त्यांनी पाठ केली होती की पुस्तकात पाहून म्हणायच्या? पुस्तक कसं होतं, लांबट की चौकोनी? वीसेक मिनिटांनी त्यांनी जाहीर केलं की दोन्ही आज्या छापील पुस्तकात बघूनच म्हणत होत्या, फक्त पुस्तकं दोन वेगळ्या छापखान्यांची होती. कुणालाही हे ऐकायचं नव्हतं. मोदक संपत आले होते. त्यांनी ती बशी पुसून पर्समध्ये ठेवली, ते मी पाहिलं.

त्या मुंबईच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. यजमान अनंतराव एका व्यापारी कंपनीत. तीन वर्षांसाठी म्हणून जपानला आले आणि मुक्काम लांबत गेला. मुलगी अमेरिकेत. शैलजाताईंनी नोकरी सोडलेली, वेळ हाताशी. क्योतोच्या विद्यापीठात बाहेरच्यांसाठी असलेल्या एका वर्गाला त्या सहज म्हणून जाऊन बसल्या. तिथे निशिवाकी-सेन्सेई, म्हणजे निशिवाकी सर, हे धर्मांच्या अभ्यासाचे प्राध्यापक होते. त्यांनी एकाच उताऱ्याच्या दोन प्रती वाचायला दिल्या. “दोन्हींत सात शब्दांचा फरक होता,” शैलजाताई मला सांगायच्या. “त्या दिवशी मी दोनदा भाजी करपवली.” पुढच्या वर्षी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं.

तो उतारा विक्काचा होता. विक्का हा इंग्लंडात गेल्या शतकाच्या मध्याला उजेडात आलेला एक धर्म. तो मानणारे लोक स्वतःला उघडपणे चेटकीण म्हणवतात, पण कुणाचं वाईट करण्याशी त्याचा संबंध नाही. पौर्णिमेला जमायचं, जमिनीवर वर्तुळ आखायचं, एका देवीला आणि एका शिंगं असलेल्या देवाला बोलवायचं, ऋतूंचे सण पाळायचे. सुरुवातीच्या मंडळींचं म्हणणं असं की हा ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा धर्म आहे, गुप्तपणे जपला गेला आणि आमच्यापर्यंत आला. त्याचा आधार म्हणजे एक हस्तलिखित वही. नवा माणूस आला की त्यानं गुरूच्या वहीवरून स्वतःच्या हातानं प्रत उतरवून घ्यायची. पुढे अभ्यासकांनी त्या वह्या तपासल्या, तर ओळखीचे तुकडे सापडायला लागले. मांत्रिकांच्या छापील पोथ्या, गुप्त मंडळांचे दीक्षाविधी, लोककथांचे संग्रह, कविता. मग सगळंच रचलेलं का? की आधी खरोखर एखादा छोटा गट होता, त्याच्याकडे काही तुटक ठिगळं होती आणि बाकीचं नंतर शिवलं गेलं? आणि शिवलं कुणी? ज्यानं हे प्रथम जगापुढे आणलं त्या गृहस्थानं, की नंतर आलेल्या आणि सगळी भाषा सुधारणाऱ्या त्याच्या शिष्येनं? हा वाद मिटलेला नाही. शैलजाताई त्या वादात शिरल्या आणि तिथेच घर करून राहिल्या.

ओसाकाच्या मराठी मंडळात याचं रूपांतर ‘पाटणकरबाई जारणमारण शिकतात’ असं झालं. अनंतरावांनी ते मिटवायचा प्रयत्न केला नाही. पाहुण्यांना ते सांगत, आमच्याकडे चेटकीण आहे, पण तिच्या तळटीपा संपेपर्यंत कुणाला धोका नाही. एकदा मात्र खरंच फोन आला. योदोगावा नदीच्या बाजूला राहणारी एक नवी आई. तिचं बाळ दोन दिवस रडत होतं, दूध घेत नव्हतं. सासूनं पुण्याहून सांगितलं होतं, दृष्ट लागली असेल. त्या मुलीला दृष्ट काढता येत नव्हती. तिनं भीत भीत विचारलं, तुम्हाला येतं का?

शैलजाताई मला घेऊन गेल्या, कारण त्या घराचा पत्ता त्यांना सापडला नसता. दारातच त्यांनी स्पष्ट केलं की दृष्ट काढता येते, आईकडून शिकले आहे, पण माझ्या अभ्यासाशी त्याचा काही संबंध नाही. मग मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन त्यांनी अगदी शांतपणे, मन लावून बाळाची दृष्ट काढली. मुलीचा चेहरा सैल झाला. त्यानंतर त्यांनी बाळाच्या कानाखाली बोट टेकवून पाहिलं, बाळ किंचाळलं, आणि अर्ध्या तासात आम्ही चौघं कोपऱ्यावरच्या बालरोग दवाखान्यात होतो. कान आतून सुजला होता. परत येताना मी विचारलं, दृष्ट काढायची काय गरज होती मग? त्या म्हणाल्या, “ती घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला आधी दवाखान्यात ने म्हटलं की ते आणखी घाबरतं.”

पण हे शहाणपण त्यांच्यात पहिल्यापासून नव्हतं. त्यांच्या बहिणीकडे, पुण्याला, पणजीच्या हातची एक वही होती, व्रतांच्या कहाण्यांची. घरात तिला फार मान. दरवर्षी श्रावणात ती पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून मग वाचायची. शैलजाताई सुट्टीत गेल्या असताना त्यांनी ती नीट वाचली. एका पानाच्या मध्यावर, कहाणी ऐन रंगात आलेली असताना, पणजीनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘मागील पानावर पाहा’. म्हणजे पणजीनं छापील चोपडीवरून उतरवताना छापखान्याची सूचनासुद्धा भक्तिभावानं उतरवली होती. शैलजाताईंना हसू आवरेना. सवाष्णींची पंगत बसलेली असताना त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. बहीण पानावरून उठून गेली आणि दोन वर्षं बोलली नाही. “माझं म्हणणं बरोबर होतं, वेळ चुकली,” असं त्या सुरुवातीला म्हणायच्या. नंतर कधीतरी म्हणाल्या, “वेळ नाही गं चुकली. मी हसले, ते चुकलं.”

त्या वेळेपर्यंत मी क्योतोच्या त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पार्टटाइम लागले होते. काउंटरवर पुस्तकं देणं-घेणं, दुसऱ्या ग्रंथालयांतून मागवलेली पुस्तकं नोंदवणं. ओसाकाहून ट्रेननं पाऊण तास. शैलजाताईंनी तोवर क्योतोलाच, कामो नदीच्या जवळ, एक खोली घेतली होती आणि शनिवार-रविवार त्या घरी जायच्या. त्या सायकलवरून यायच्या, डोक्यावर शाळकरी मुलांचं असतं तसं पांढरं हेल्मेट. ते काढायला विसरून वाचायला बसायच्या. स्वयंपाकात लक्ष नव्हतं, पिठल्यात गुठळ्या ठरलेल्या. कागद मात्र कुठलाही टाकायच्या नाहीत. कचरा वेगळा करण्याच्या दिवशी शेजारच्या आजीबाई रद्दीचा गठ्ठा बांधून द्यायला यायच्या आणि या त्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवायच्या.

त्यांचं एक वाक्य मी अनेकदा ऐकलंय. “बरोबर मजकूर कुणाचाही असू शकतो, मीनल. चूक मात्र एकाचीच असते.” दोन प्रतींत एकच चूक दिसली की समजायचं, एकीवरून दुसरी उतरवली. त्या चुका शोधायच्या. गाळलेला शब्द, दोनदा आलेली ओळ, विचित्र स्पेलिंग. आपल्याकडे गव्हातले खडे वेचतात तसं, पण गहू बाजूला टाकून.

ओगावा-सान त्यांना निशिवाकी-सेन्सेईंमुळे मिळाल्या. पंचाहत्तरीच्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा. क्योतोच्या उत्तरेला एका जुन्या लाकडी घरात राहायच्या. त्या विक्का मानायच्या. त्यांच्याकडे दर पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा माणसं जमायची. त्यांत एक औषधांच्या दुकानातली बाई होती, एक बसचालक होता. ओगावा-सान तरुण असताना कोबेला मिस हार्ट नावाच्या एका इंग्रज बाईंकडे इंग्रजी शिकायला जात. मिस हार्टनी त्यांना दीक्षा दिली आणि आपल्या वहीवरून प्रत उतरवून घेऊ दिली. मिस हार्टचं म्हणणं होतं की त्यांची वही अगदी पहिल्या वर्तुळातल्या एका बाईंच्या वहीवरून आली आहे. मिस हार्ट वारल्याला आता बरीच वर्षं झाली होती.

ओगावा-साननी ती वही दाखवायचं कबूल केलं, पण फोटो नाही, झेरॉक्स नाही. दर मंगळवारी दहा वाजता यायचं, त्यांच्यासमोर बसून पेन्सिलीनं उतरवायचं. शैलजाताईंनी दोन वर्षं एकही मंगळवार चुकवला नाही. बर्फ पडलं तर सायकल ढकलत गेल्या. एक जण वही उतरवतेय आणि दुसरी लोणचं मुरवायला मुळे चिरतेय, असं चालायचं. शैलजाताई शंकरपाळे न्यायच्या. ओगावा-सान ते चॉपस्टिकनं एकेक उचलून खायच्या आणि नवऱ्याबद्दल बोलायच्या. तो गेल्यावर एक वर्ष त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. बाहेर काढलं ते पौर्णिमेनं. महिन्यातून एकदा तरी घर झाडायलाच लागायचं, कारण माणसं येणार असायची.

त्या वहीत देवीच्या तोंडचं एक भाषण होतं, गद्यात. हे भाषण विक्काच्या सगळ्या वह्यांत असतं आणि त्याच्या मुळावरून वादही भरपूर आहेत. पण ओगावा-सानच्या वहीतलं रूप छोटं होतं, ओबडधोबड होतं. शिष्येनं सुधारलेली म्हणून ओळखली जाणारी वाक्यं त्यात नव्हतीच. म्हणजे हे सुधारण्याच्या आधीचं रूप असावं. कुणाच्या हाती न लागलेला एक जुना टप्पा, क्योतोच्या एका कपाटात. शैलजाताईंनी तोक्योच्या एका परिषदेत निबंध वाचला. परदेशातल्या अभ्यासकांची पत्रं आली. निशिवाकी-सेन्सेई सहसा कुणाचं कौतुक करत नसत; त्यांनी ‘हं’ म्हटलं आणि मान हलवली. प्रबंधाची मधली दोन प्रकरणं त्या वहीवर उभी राहिली. मंडळात आता ‘आमच्या पाटणकरबाई’ असं ऐकू येऊ लागलं. शैलजाताईंनी मला चक्क केक खायला नेलं.

प्रबंध द्यायला सहा आठवडे होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी तोक्योच्या एका ग्रंथालयातून एक पातळशी पुस्तिका मागवली होती. पोस्टानं विकली जाणारी, स्वस्त कागदावरची, विक्का प्रसिद्ध झाल्यावर बऱ्याच वर्षांनी कुणी अनामिकानं छापलेली. संदर्भसूचीत एक नाव राहायला नको, एवढ्यासाठीच मागवली होती. दुपारी पाकीट आलं, मी नोंद केली, त्यांना दिली. त्यांनी काउंटरपाशी उभ्या उभ्या चाळली. मग पान उघडं धरून माझ्यासमोर ठेवली आणि पिशवीतून स्वतःची उतरवलेली प्रत काढली.

“हे जरा वाच मला,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”

मी हळू आवाजात वाचायला लागले. त्या पेन्सिलीचं टोक आपल्या प्रतीवरून सरकवत होत्या. एका जागी मी अडखळले, कारण वाक्याला अर्थ लागत नव्हता. मध्ये काहीतरी गळाल्यासारखं वाटत होतं.

“थांबू नको. जसं आहे तसं वाच.”

मी वाचलं. पेन्सिल थांबली नाही. त्यांच्या प्रतीतही तेच वाक्य तसंच तुटलेलं होतं. पाठोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दानं सुरू होत होत्या. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची नजर घसरली आणि एक ओळ गेली. पुढे एका शब्दाचं चुकीचं स्पेलिंग होतं. तेही तसंच. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः वाचलं. ते छोटं, ओबडधोबड रूप जुनं नव्हतंच. पानं वाचवायला कुणीतरी काटछाट केलेलं होतं, आणि मिस हार्टची किंवा त्यांच्या गुरूची वही या पुस्तिकेवरून उतरवलेली होती.

मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. हेल्मेट डोक्यावर होतं. पुस्तिका मिटून म्हणाल्या, “आता ओगावा-सानना सांगायला हवं.”

सेन्सेईंना त्यांनी त्याच दिवशी गाठलं. तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. सेन्सेईंनी दोन्ही पानं पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले की ‘शक्यता’ हा शब्द वापरून ती प्रकरणं वाचवता येतील. पुस्तिकाच एखाद्या जुन्या वहीवरून छापली नसेल कशावरून? ओगावा-सानना इतक्यात काही सांगायची घाई नको. शैलजाताईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, कशावरून नसेल हे मला माहीत नाही, पण कशावरून असेल हेही माहीत नाही, आणि परिषदेत मी माहीत असल्यासारखं बोलले होते. त्यांनी निबंध मागे घेतल्याची पत्रं पाठवली. दोन प्रकरणं काढली. पदवी दोन वर्षं लांबली. त्याच सुमारास अनंतरावांची मुदत संपून ते मुंबईला परत गेले, आणि शैलजाताई त्या एका खोलीत एकट्या राहिल्या. अनंतराव विमानतळावर मला एवढंच म्हणाले, तिला गुठळ्यांशिवाय काहीतरी खायला घालत जा.

पण ते नंतरचं. पुस्तिका मिळाल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी त्या मला बरोबर घेऊन गेल्या. मन हललं की त्यांचं जपानी कोलमडायचं, माझं त्या मानानं बरं होतं. शंकरपाळे नेले नव्हते. त्यांनी चहाच्या आधीच, गुडघ्यांवर बसून, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि सांगितलं. कुठे ओळ गळली, कुठे स्पेलिंग. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, एक शब्दही अडला नाही.

ओगावा-साननी चष्मा लावून दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. त्या जागी बोट थांबलं.

“म्हणजे मिस हार्ट माझ्याशी खोटं बोलल्या.”

“ते मला माहीत नाही,” शैलजाताई म्हणाल्या. “त्यांना कुणी तसं सांगितलं असेल. मला इतकंच दिसतं की वही या पुस्तिकेनंतरची आहे.”

“तुम्ही हे न सांगता गेला असता तरी मला कळलं नसतं.”

“नसतं कळलं.”

“मग?”

शैलजाताई वहीकडे बघत म्हणाल्या, “तुम्ही दोन वर्षं माझ्यासमोर वही उघडून ठेवलीत. मी माझी मिटून कशी ठेवू?”

ओगावा-साननी वही रेशमी रुमालात बांधली. गाठ दोनदा सुटली, दोन्ही वेळा त्यांनी ती पुन्हा बांधली. मग अतिशय विनयानं म्हणाल्या की पुढच्या मंगळवारी त्यांना सवड नाही. आणि त्याच्या पुढच्याही. आम्ही बाहेर आलो. शैलजाताई सायकल हातात धरून पुलापर्यंत चालत आल्या आणि तिथे म्हणाल्या, “या खेपेला हसले तरी नाही.”

आठ महिने काही कळलं नाही. पौर्णिमेची मंडळी जमतात की नाही तेही नाही. शैलजाताईंनी नवं प्रकरण लिहायला घेतलं होतं. छापलेला मजकूर हातानं उतरवला की दोन पिढ्यांत तो प्राचीन कसा होतो, हे दाखवणारं. त्यात क्योतोची वही होती, कहाण्यांची वही होती, आणि बहिणीला पत्र लिहून तिची परवानगी मागितलेली होती. बहिणीनं एका ओळीत होकार कळवला आणि खाली लिहिलं, ‘श्रावणात ये’. जाणकारांनी पुढे त्या प्रकरणाचंच नाव घेतलं. पण मंगळवारी दहाला त्या कामाला लागायच्या नाहीत. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या.

मग एक पोस्टकार्ड आलं. मंगळवारी मोकळ्या आहात का?

ओगावा-साननी दार उघडलं, मुळे चिरायला घेतले आणि वही पुढे सरकवली. मुखपृष्ठाच्या आत जपानीत नवी शाई होती. ही वही मी मिस हार्टच्या वहीवरून उतरवली. ती एका छापील पुस्तिकेवरून आली असावी, असं पाटणकर-साननी दाखवलं. खाली तारीख, सही. त्यांनी ते पौर्णिमेला सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. एक जण यायचा बंद झाला. बाकीचे येतात. बसचालकानं विचारलं होतं, मग पुढच्या महिन्यात वेळ तीच ना? हे सांगून झाल्यावर ओगावा-साननी पेन उघडलं आणि म्हणाल्या, ती गळलेली ओळ तुम्हाला माहीत असेल, सांगा. शैलजाताईंनी ती दुसऱ्या प्रतींतून सांगितली. ओगावा-साननी समासात लिहून घेतली.

पदवी मिळाल्यावरही शैलजाताई एक वर्ष राहिल्या, विद्यापीठात तासिका घेत. परतीचं तिकीट काढलं होतं, त्याच्या आधी दोन आठवडे ओगावा-सान गेल्या. झोपेतच.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं, एका छोट्या सभागृहात. नागोयाहून त्यांची मुलगी आली होती, चाळिशीची, ऑफिसातून थेट आल्यासारखी. सगळं आटोपत आलं, शवपेटीत फुलं ठेवायची वेळ झाली, तेव्हा औषधांच्या दुकानातल्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी मुलीला काहीतरी सांगितलं. वहीच्या शेवटी एक नियम होता. वहीची मालकीण गेली की वही जाळून टाकावी. मुलगी गोंधळली. आईनं इतकी वर्षं जपलेली वस्तू. शिवाय सेन्सेईंनी ती विद्यापीठाला मिळावी म्हणून विचारलंही होतं. ती रुमालातली वही हातात घेऊन शैलजाताईंकडे आली.

“तुम्ही यातल्या जाणकार आहात,” ती म्हणाली. “हा नियम खरंच जुना आहे का?”

मला उत्तर माहीत होतं, कारण प्रबंधाचं ते पान मीच तपासून दिलं होतं. तो नियम जुना नाही. जुन्या काळच्या छळाची आठवण म्हणून दाखवला जातो, पण भाषेवरून नंतरचा, मागाहून जोडलेला वाटतो. आणि ती वही आता जगात एकच होती. शैलजाताईंची पेन्सिलीची प्रत होती, पण तिच्यात ओगावा-सानचं अक्षर नव्हतं, मुखपृष्ठाच्या आतली कबुली नव्हती, समासातली ओळ नव्हती. त्यांच्या सगळ्या अभ्यासाला ज्यानं पुरावा पुरवला असता ते सगळं त्या रुमालात होतं.

“नाही,” शैलजाताई म्हणाल्या. “जुना नाही. मागाहून कुणीतरी घातलेला आहे.”

मुलीनं रुमालाची गाठ चाचपली.

“पण तुमच्या आईनं तो स्वतःच्या हातानं उतरवला होता,” शैलजाताई म्हणाल्या. “तो त्यांचा आहे.”

मुलीनं मान लववली. तिनं वही आईच्या हातांपाशी, पांढऱ्या शेवंतीत ठेवली. सेन्सेई मागेच उभे होते.

बाहेर शवपेटी दहनासाठी नेणारी गाडी तयार होती. चालकानं तिथल्या रिवाजाप्रमाणे लांब, एकसुरी हॉर्न वाजवला आणि गाडी निघाली. सगळ्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मला ट्रेन गाठायची होती, मुलाला शाळेतून आणायचं होतं. काही दिवसांत आमचीही बदली तोक्योतल्या एदोगावाला झाली आणि शैलजाताई मुंबईला गेल्या, त्यामुळे पुन्हा भेट झाली नाही. मी कोपऱ्यावरून वळून पाहिलं. गाडी सिग्नलपलीकडे दिसेनाशी झाली होती. लोक सरळ उभे राहून, घड्याळ बघत आपापल्या वाटेला लागत होते. शैलजाताई अजून वाकलेल्याच होत्या, आणि बसचालक त्यांच्या शेजारी त्यांची पर्स धरून उभा होता.